मागचं डावं चाक

२८ एप्रिल, नॉर्थॅम्प्टन

आणि पैसे परत का पाठवलेस, ते तरी सांग. चारशे पौंड पाठवले होते, तिसऱ्या दिवशी चारशेचे चारशे माझ्या खात्यात. सोबत वहिनीचे तीन शब्द: "त्याला नको आहेत." म्हणजे तू माझा नंबर बंद करून ठेवणार, माझ्याशी चकार शब्द बोलणार नाहीस, आणि प्रिमोच्या बारमध्ये काठी टेकून बसून अख्ख्या इमोला गावाला सांगणार की धाकट्याने माझा पाय मोडला. मला कळतं सगळं, लेआर्को. प्रिमोच्या पोराचा मेसेज आला, "इकडे तोंड दाखवू नकोस." त्या पोराच्या डोक्यात फुटबॉलशिवाय काही नसतं. हे त्याचं त्याला सुचलं असेल, असं सांगतोस?

वहिनी म्हणाली होती, कागदावर लिही, फोनवर तू फार बोलतोस. म्हणून लिहितोय. शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक पहिल्यांदाच, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

चीनच्या त्या शर्यतीत ॲम्ब्युलन्समध्ये तू मला काय विचारलंस, आठवतंय? गुडघ्याखाली पाय भलतीकडे वळलेला, तोंडावर रंग नाही, आणि तू विचारतोस, "चापट कुठे होती रे?" त्या चिनी नर्सला वाटलं तू भ्रमात बोलतोस. मला वाटलं नाही. तू माझ्याकडे बघत होतास.

चापट होती. मनगटात आली. तू चाक बसवलंस, टायरवर तळवा मारलास, मी गनने नट आवळला, गनवरचं बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, गाडी सुटली. हेच मी चौकशीत टीमच्या पेनहॅलो साहेबासमोर सांगितलं आणि खाली सही केली. वरच्या कॅमेऱ्यात तुझी पाठ आड येते, हात दिसत नाही, त्याला मी काय करू?

बाबांच्या टायरच्या दुकानातली पद्धत आपणच इथे आणली. कॉम्प्रेसरच्या आवाजात त्यांना काही ऐकू यायचं नाही, म्हणून चाक बसलं की तू टायरवर चापट मारायचास आणि ती लोखंडातून त्यांच्या हाताला कळायची. इथे बाकीच्या तिन्ही चाकांवरची माणसं डोळ्यांनी काम करतात. मागचं डावं चाक तेवढं आपल्या दोघांचं, चापटीवर चालणारं. कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. पण आपण सगळ्यांत जलद होतो, म्हणून साहेबाला कौतुक होतं. आता तोच म्हणतो की चाक पुरतं बसायच्या आधी लेआर्कोने चापट मारली, चूक लेआर्कोची. हे मी म्हटलेलं नाही. तो म्हणाला. मी फक्त चापट आली एवढंच म्हणालो.

चूक तुझी ठरली म्हणून विम्याचे अर्धेच पैसे मिळणार, आणि पिट लेनमध्ये चाकं बदलायला तुला परत घेणार नाहीत, हे मला कालच कळलं. चौकशीची फाइल सप्टेंबरअखेर बंद होईल. तोवर तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. मी कुठे अडवलंय?

चारशे पुन्हा पाठवतो आहे. परत पाठवू नकोस. पायाला लागतील.

नेव्हिओ


२६ मे, मॉन्ट्रियल

परत पाठवलेसच. बरं.

तू शर्यती बघतोस की नाही, माहीत नाही. वहिनी बघू देत नसेल. नव्या नियमांनी सगळ्यांची तारांबळ उडालीय. गाडी लहान केली, हलकी करा म्हणाले, निम्मी ताकद बॅटरीतून घ्या म्हणाले. आपली गाडी अजून अकरा किलो जड आहे. साहेबाने रंगसुद्धा खरवडून काढायला लावला, म्हणून ती अर्धी काळी दिसते, जळलेल्या तव्यासारखी. सरळ रस्त्याच्या शेवटी बॅटरी धापा टाकते आणि मागचे तिघे-चौघे आरामात पुढे निघून जातात. ड्रायव्हर रेडिओवर काही बोलतच नाही हल्ली. तो शिव्या द्यायचा तेव्हा बरं होतं.

तुझ्या जागी गेथिन म्हणून एक वेल्श माणूस आलाय. चांगला आहे, दोन पोरी आहेत त्याला. मी त्याला चापटीचं शिकवलं. त्याचा पंजा फावड्याएवढा. टायरवर असा मारतो की शेजारच्या टीमला ऐकू जावं. आणि तरी मला ती कळत नाही.

हे तुलाच सांगतोय, कुणाला बोलू नकोस. चापट येते, मनगटाला कळते, आणि बोट हलत नाही. मला वाटतं आली का खरंच? की मलाच वाटलं? मग मी मान वाकवून बघतो, चाक बसलंय का, त्याचा पाय कुठे आहे. परवाच्या शर्यतीत चार सेकंद लागले आपल्या चाकाला. चार. आपण दोघे दोनच्या आत करायचो. गेथिन गॅरेजमध्ये येऊन म्हणाला, "तुला काय निमंत्रणपत्रिका छापून देऊ? चापट मारतोय ना मी." सगळे हसले. मीही हसलो. मग मागे जाऊन टायरांच्या राशीआड बसलो, जरा वेळ.

रात्री झोप लागत नाही म्हणावं तर तेही खरं नाही. झोप लागते, पण हात जागा राहतो. बोट आवळतं आपोआप.

तू एक ओळ लिही ना. शिवी लिही. तुला येतात तेवढ्या सगळ्या लिही, मी एकेक वाचेन.

नेव्हिओ


३० जून, ऑस्ट्रिया

परवा शर्यत संपल्यावर साहेबाने सगळ्यांना ट्रकमागे उभं केलं. म्हणाला, गुण नाहीत, जाहिरातवाला निघून चाललाय, हंगाम संपला की माणसं कमी करावी लागतील. माझ्याकडे बघून म्हणाला असं नाही, पण दुसरीकडे बघूनही म्हणाला नाही.

माझं इथलं काम गेलं तर मी काय करणार आहे? मला नट आवळता येतो. दोन सेकंदांत आवळता येतो, एवढाच काय तो फरक. शाळा मी सोडली तेव्हा बाबा गेलेले आणि तू म्हणालास, "हरकत नाही, याला मी बघतो." तू मला इथे आणलंस. माझी भाषेच्या परीक्षेची तयारी तू करून घेतलीस, खोलीचं भाडं तू भरलंस, माझ्यासाठी त्या पेनहॅलोसमोर खोटंसुद्धा बोललास.

ते फेब्रुवारीतलं खोटं. त्याच्याबद्दल लिहायचं होतं.

नवं चाक आलं होतं. नियमाने टायर अरुंद झाले, आणि आपल्या लोकांनी चाकाची बैठक बोटभर आत नेली. दिसायला काही नाही, पण चाक आत जायला पापणी लवेल तेवढा वेळ जास्त लागायचा. म्हणून सगळ्यांना त्या लोखंडी सांगाड्यावर रोज सकाळी चाळीस चाळीस वेळा सराव. जुना ताल हातातून जाईपर्यंत. आणि मी तीन दिवस आलोच नाही. तुझी मोटारसायकल घेऊन समुद्रावर गेलो होतो, वेल्सला, त्या बेकरीतल्या मुलीबरोबर. मला कोंडल्यासारखं होतं त्या शेडमध्ये, तुला माहीत आहे. तू साहेबाला सांगितलंस, पोट बिघडलंय त्याचं. वहीत माझ्या नावापुढे एकशेवीस सराव तूच लिहिलेस. मी आल्यावर तू म्हणालास, "समुद्र कसा होता?" मी म्हणालो, थंड. तू म्हणालास, "आता चापटीची वाट बघ. आधीसारखी लगेच येणार नाही. वाट बघशील ना?" मी म्हणालो, बघेन.

मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत बघितली. घाबरून बघितली. आणि आपण सगळ्यांत जलद ठरलो. तू मला त्या दिवशी खांद्यावर घेतलंस.

मला एवढंच लिहायचं होतं की सराव कमी पडला होता. बाकी चौकशीत सांगितलं ते आहेच.

सहाशे पाठवतो आहे. या वेळी ठेवून घे.

नेव्हिओ


१४ ऑगस्ट, नॉर्थॅम्प्टन

कारखाना दोन आठवडे बंद आहे. नियमच आहे तसा, दिवेसुद्धा लावू देत नाहीत. सगळे आपापल्या गावी गेले. मी गेलो नाही. गॅटविक विमानतळावर गेलो होतो, घराकडच्या बोलोन्याच्या विमानाची रांग बघितली, आणि बसने परत आलो.

काल प्रिमोच्या बारमध्ये फोन लावला. माझ्या मनात तुझ्याबद्दल भरपूर साचलं होतं, म्हटलं तुला तिथेच सगळ्यांसमोर गाठावं. फोन म्हाताऱ्या प्रिमोनेच उचलला.

"कोण, धाकटा? जिवंत आहेस का?"

"लेआर्को आहे का तिथे?"

"आहे. पत्ते खेळतोय. हरतोय."

"त्याला दे."

"देत नाही. त्याने सांगितलंय, तुझा फोन आला तर द्यायचा नाही."

मग मी जे बोललो ते तुला त्याने सांगितलं असेल. की माझी बदनामी करतोस, बारमध्ये बसून माझ्या नावाने रडतोस, असं सगळं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. मग फोन घेऊन बाहेर आला असणार, कारण रस्त्यावरच्या गाड्या ऐकू यायला लागल्या.

"ऐक, गाढवा," म्हणाला. "तुझा भाऊ पाच महिने इथे येऊन बसतोय. लोक विचारतात, काय झालं, कसं झालं. तो म्हणतो, काही नाही, कामात होतं असं. धाकट्याचं विचारलं की पत्ते पिसायला लागतो. एक अक्षर बोललेला नाही तो तुझ्याबद्दल. तो बोलत नाही, म्हणून तर आम्हाला कळलं."

तो म्हणाला, "आहेस का?" मी म्हणालो, आहे. तो म्हणाला, "त्याची काठी जमिनीवर घासते त्याचा आवाज तू ऐकलेला नाहीस अजून," आणि फोन ठेवला.

मोंझाच्या शर्यतीचे दोन पास पाठवतो आहे. इमोलाहून गाडीने तीन तास. यंदा आपल्या गावात शर्यत नाही, नाहीतर मीच आलो असतो. आलो असतो का, ते मला माहीत नाही. पण तू ये. लांबून बघ हवं तर.

ने.


५ सप्टेंबर, मोंझा

वहिनी येऊन गेली. तू पाठवलंस की तीच आली, ते मी विचारलं नाही.

ती मागच्या फाटकाशी उभी होती, आपल्या टीमच्या ट्रकांपाशी. हातात फडक्यात बांधलेली पियादीनाची पोळी, घरी करते तशीच, चीज घातलेली. मला वाटलं पास दोन होते तर तू मागे गाडी लावत असशील. मी तिच्या मागे बघत राहिलो.

"नाही आला," ती म्हणाली. "बघू नकोस."

"पाय कसा आहे?"

"पाय आहे. तिसरं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये. खा आधी."

मी खाल्लं. तिच्यासमोर उभ्याने, रडत रडत, म्हणजे चव काही कळली नाही. तिने मला जवळ घेतलं नाही. आणि घ्यायला नकोच होतं.

मी विचारलं, "पत्रं वाचतो का तो?"

"वाचतो. दोनदा वाचतो. पहिल्यांदा भरभर, शेवटापर्यंत. मग सावकाश. मग मला म्हणतो, 'अजून नाही,' आणि घडी घालून तुमच्या बाबांच्या हत्यारांच्या पेटीत ठेवतो."

"अजून काय नाही?"

"ते तू मला विचारतोस?"

मग ती म्हणाली, "त्याने चौकशीत काय लिहून दिलंय, तुला माहीत आहे का?"

मी म्हणालो, माहीत नाही. मला खरंच माहीत नव्हतं. मला वाटत होतं तू लिहिलं असशील की चापट मारलीच नव्हती, आणि साहेबाने तुझ्यापेक्षा माझं खरं मानलं. सहा महिने मी तुझ्यावर त्या एका ओळीसाठी चिडून होतो, जी मी वाचलेलीच नव्हती.

वहिनीने पर्समधून कागद काढला. तुझं अक्षर. 'चापट मारली की नाही, मला आठवत नाही.'

"त्याला आठवतं," ती म्हणाली. "झोपेतून उठवून विचार, आठवतं त्याला. पण ते लिहिलं तर तुझं काम जाईल, आणि मारली म्हणून लिहिलं तर खोटं होईल. म्हणून आठवत नाही. साहेबाने त्याला दोनदा विचारलं. अर्धे पैसे गेले, काम गेलं, मी डोकं फोडून घेतलं, तरी आठवत नाही. मला म्हणाला, 'तो सांगेल. वाट बघ.' मी म्हटलं किती बघायची? तर म्हणाला, 'तो वाट बघायला शिकेपर्यंत.'" आणि ती निघून गेली. पियादीनाचं फडकं माझ्या हातातच राहिलं.

लेआर्को, चापट नव्हती.

मी वाट बघितली नाही. मेलबर्नला जलद ठरलो होतो, सगळ्यांनी पाठ थोपटली होती, आणि मला वाटलं आता नवं चाकही हातात बसलं. तू चाक आत ढकलत होतास. तुझा खांदा अजून हलत होता, मी बघितला. हात जुन्या तालावर गेला. गन फिरली, नट वाकडा धरला गेला, त्याचा आवाजही वेगळा आला, तेही मला कळलं, आणि तरी अंगठ्याने बटण दाबलं, कारण गन थांबली की बटण, हे सात वर्षांचं आहे अंगठ्यात. हिरवा दिवा लागला. तुझा डावा पाय चाकाच्या पुढे होता. तू त्या क्षणी माझ्याकडे बघितलंस. गाडीकडे नाही. माझ्याकडे.

पहिल्याच पत्रात हे एका ओळीत लिहिता आलं असतं.

उद्या शर्यत आहे. गन कुणाकडे द्यायची ते ठरवायला साहेबाला वेळ हवा, म्हणून आत्ता जातो त्याच्याकडे. पत्र आधी टपालपेटीत टाकतो. आधी त्याच्याकडे गेलो तर कदाचित पत्र जाणारच नाही.


९ सप्टेंबर, नॉर्थॅम्प्टन

गेलो होतो.

साहेब ट्रकमधल्या त्याच्या खोलीत मोजे वाळत घालत होता. मी म्हणालो, चीनमध्ये चापट नव्हती. तो म्हणाला, "कसली चापट?" मग त्याच्या लक्षात आलं. त्याने दार लावलं.

"तू काय सांगतोयस, तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"मार्चमध्ये तू सही केली होतीस."

"खोटी केली होती."

त्याने हातातला मोजा दोरीवर टाकला. मग म्हणाला, "मार्चमध्ये सांगितलं असतंस तर मी तुला चार शर्यती बाहेर बसवलं असतं आणि त्या सांगाड्यावर हजार वेळा सराव करून घेतला असता. एवढंच. चुका सगळ्यांच्या होतात इथे. आता मी काय करू तुझं?"

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. चार शर्यती. चार शर्यतींसाठी, लेआर्को.

लिहून दे म्हणाला. माझ्या इंग्रजीत काय लिहिणार, म्हणून गेथिनला बोलावलं. मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. 'खांदा हलत होता' इथे त्याने पेन थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं, मग पुढे लिहिलं. समुद्राचं आणि वहीतल्या एकशेवीसचंही मी सांगायला लागलो, तर साहेब म्हणाला, "ते मी ऐकलं नाही. तुझ्या भावाला त्यात ओढू नकोस." म्हणून ते त्यात नाही. सही मी केली, गेथिनने साक्ष केली. एक प्रत या पाकिटात आहे. जपून ठेव, विमावाल्यांना दाखवायला लागेल. फाइल परत उघडली आहे. साहेब तुला फोन करणार आहे, त्याचा तरी उचल. तुझं नाव निघालं की पिट लेनचा दरवाजा तुला बंद राहणार नाही, असं तो म्हणाला. पायाचं काय ते डॉक्टर सांगतील.

माझा टीमचा पास त्याने तिथेच कात्रीने कापला. नियम आहे तसा. मागच्या डाव्या चाकावर रविवारी दुसराच माणूस होता. मी फाटकाबाहेरून ऐकत होतो. आपण लहानपणी नदीकाठच्या झाडावर चढून ऐकायचो, तसं. चापट बाहेर ऐकू येत नाही. गाडी मात्र वेळेत निघाली, ते आवाजावरून कळलं.

इकडे मोठ्या रस्त्यावर ट्रकच्या टायरांचं एक दुकान आहे, तिथे सोमवारपासून येतो म्हणून सांगितलंय. मालक म्हणाला, "सावकाश काम करता येईल ना? इथे घाई नाही." मी हो म्हणालो. माणूस एकटाच असतो चाकापाशी. घरी मी येत नाही. तू बोलावलंस तरी लगेच नको. आधी माझं बोट थांबायला हवं. ते अजून झोपेत आवळतं. पण पत्र लिही. दोन ओळी लिही. नाही लिहिलीस तरी मी वाट बघेन, आता मला तेवढंच शिकायचं आहे.

वहिनीचं फडकं धुऊन पाठवतो आहे.

आणि पैसे. आधीचे तिन्ही तू परत पाठवलेस ते बरं केलंस. ते कशाचे होते, ते तुला माझ्याआधी कळलं होतं. हे तसे नाहीत. टीमने शनिवारी संध्याकाळपर्यंतचा, पास कापला त्या तासापर्यंतचा हिशेब केला, तेवढेच आहेत. बसच्या भाड्याचे अकरा पौंड मी ठेवून घेतले. बाकी सगळे यात आहेत, एक हजार दोनशे सहा पौंड.